'सावकाश'मधला सॅक्सोफोन

दिग्या, परवा तुझं तेरावं झालं. पंगत चांगली उठली. श्रीखंड जरा आंबट होतं, पण तुझ्या साडूसमोर कोण बोलणार? त्यानं पेन ड्राइव्हवर भजनं आणली होती, सगळीच्या सगळी ऑक्टोपॅडच्या धडाधड ठेक्यावरची. मी हार घातलेल्या तुझ्या फोटोकडे बघत बसलो होतो. वाटलं, आता हा हार बाजूला सारून उठेल आणि म्हणेल, "भिया, जरा धीरे करो ना." उठला नाहीस. मी घरी आलो, चप्पल काढली आणि पलंगावर बसून रडलो. सुनंदा पाणी घेऊन आली, शेजारी बसून राहिली.

लोक तुझ्याबद्दल काय काय चांगलं बोलले ते तुला सांगत बसत नाही. तू ते ऐकून कान खाजवत बसला असतास. मला तुझ्याशी भांडायचं आहे. भांडण जुनंच आहे, फक्त ह्या वेळी तू उत्तर देणार नाहीस, आणि मला रविवारच्या आत निकाल लावायचा होता. तुझ्या मुक्तानं 'सावकाश' इंटरनेटवर टाकायचं ठरवलंय. तू आयुष्यात केलेली ती एकच कॅसेट. मुक्ताला कपाटात मूळ टेप सापडली, ज्यावर माझा सॅक्सोफोन जसाच्या तसा आहे, तू त्याचा लगदा करण्याच्या आधीचा. तेराव्याच्या गर्दीत तिनं मला बाजूला घेतलं. "काका, शेवटच्या तुकड्यात तुमचा खरा सॅक्स टाकू का? बाबा असताना मी विचारलंच नसतं. आता तुम्ही म्हणाल तसं."

मी लगेच हो म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं. मग तुझ्या फोटोकडे नजर गेली आणि म्हटलं, "रविवारी सांगतो."

आता सगळं पहिल्यापासून सांगतो. तुला माहीत आहे, पण तू नेहमी तुझ्या सोयीचं तेवढंच लक्षात ठेवायचास.

आपण ऑर्केस्ट्रात भेटलो. मी वीज मंडळात बाबू, तू मिलमध्ये इलेक्ट्रिशियन, आणि लग्नसराईत दोघेही चमकीचे कोट घालून स्टेजवर. मी सॅक्स, तू कीबोर्ड. वरातीतली मंडळी पैसे उडवायची ती माझ्यासमोर, कारण सॅक्स दिसायला झळझळीत आणि वाजवणारा गाल फुगवणारा. तू मागे उभा राहून एका बोटानं एकच सूर धरून ठेवायचास. मालक ओरडायचा, "दिगंबर, सो गया क्या?" तू म्हणायचास, "जाग रिया हूँ भिया, सुन रिया हूँ."

मग तो महूचा नाद. फौजी बँडमधून निवृत्त झालेले जोसेफ मास्टर मला सॅक्स शिकवायचे आणि दर रविवारी तू शेपटासारखा मागे यायचास. छोट्या लाईनीची गाडी, मास्टरांचं बैठं घर, त्यांच्या बायकोच्या हातचा केक, आणि जॅझच्या जुन्या रेकॉर्ड. मी सॅक्सवर कान लावून बसायचो. तो वादक कुठे श्वास घेतो, कुठे सूर वाकवतो, कुठे मुद्दाम मागे राहतो. आणि तू? रेकॉर्ड संपली की मास्टरांना विचारायचास, "मास्टरजी, वो पीछे जो लंबा-लंबा पकड़ के बैठा है, वो कौन है?" मास्टर हसायचे. मला मात्र राग यायचा. परतीच्या गाडीत मी म्हणायचो, "अरे, इतका मोठा माणूस जीव तोडून वाजवतोय आणि तू मागच्याची चौकशी करतोस?" तू खिडकीबाहेर बघत म्हणायचास, "तो तर ऐकू येतोच रे." आपलं भांडण तिथूनच सुरू झालं.

मग मिल बंद झाली. एकामागून एक सगळ्याच झाल्या, तुझीही झाली. ज्या दिवशी गेटवर नोटीस लागली त्या दिवशी मी ऑफिसातून थेट तुझ्याकडे आलो. मला वाटलं होतं घरात सुतक असेल. तुझे वडील, ज्यांनी त्याच मिलच्या टाइम ऑफिसात जन्म काढला, भिंतीकडे तोंड करून निजले होते. तू ओट्यावर बसून एक जुना रेडिओ उघडला होतास. मी काय बोलावं म्हणून चाचपडत होतो तेवढ्यात तू म्हणालास, "नंदू, कारखाना बंद झाल्यावर कळलं, आपल्या मोहल्ल्यात किती कुत्री आहेत. आजवर त्यांचा आवाजच कुठे ऐकू यायचा?" मी चिडलो होतो तुझ्यावर. लोकांच्या चुली विझल्या आणि ह्याला कुत्री ऐकू येतात! पण नंतर रस्त्यानं घरी जाताना मलाही ती ऐकू यायला लागली.

तू मात्र उपाशी राहिला नाहीस, ते बरं झालं. मिल बंद होत गेल्या आणि छतांवर छत्र्या उगवत गेल्या. केबल, डिश, रंगीत टीव्ही. ज्या घरात काल दूधवाल्याला 'उद्या या' म्हणत होते तिथेही आज हप्त्यावर रंगीत टीव्ही. तू शिडी घेऊन या छतावरून त्या छतावर. बाजारात बाहेरचा माल उघड मिळायला लागला होता, त्याच काळात तुझ्या दुबईच्या मावसभावानं तो सिंथेसायझर आणि चार ट्रॅकचा टेपरेकॉर्डर आणला. त्यानंतर तू ऑर्केस्ट्राच्या कामाचा राहिला नाहीस. वहिनी मला म्हणाल्या होत्या, "भावजी, हे रोज संध्याकाळी एक सूर लावतात आणि तो विझेपर्यंत बघत बसतात. डॉक्टरला दाखवू का?"

आणि मग ती झांकी! दिग्या, ती आठवली की आजही हसू येतं, अगदी ह्या दिवसांतसुद्धा. मिल बंद, पण झांकी बंद होऊ द्यायची नाही, असं कामगारांनी ठरवलं. वर्गणी काढून गणपती बसवला आणि अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीसाठी कालियामर्दनाचा चित्ररथ उभा केला. नागाचा फणा फिरवायची मोटर तू बसवलीस, दिव्यांच्या माळा तू सोडल्यास, आणि कमिटीनं भोळेपणानं तुला म्हटलं, "म्यूझिक भी तू ही बना दे." आदल्या दिवशी दुपारी मिलच्या आवारात रंगीत तालीम. झांकीच्या पुढे आखाड्याची पोरं लाठी, पट्टा घेऊन सज्ज. तू कॅसेट लावलीस. भोंग्यांतून तुझा सूर निघाला. लांब. मग आणखी एक, तोही लांब. पोरं लाठ्या उगारून उभी. उस्तादांनी वाट पाहिली, पाहिली, आणि शेवटी कमरेवर हात ठेवून म्हणाले, "दिगंबर भिया, इसमें ठेका किधर है? छोरे लाठी किस पे घुमाएँगे?"

तू अगदी गंभीरपणे म्हणालास, "उस्ताद, सावकाश घुमाने का."

एकानं खरंच प्रयत्न केला. बिचारा लाठी इतकी हळू फिरवत गेला की ती हातातून सुटून त्याच्याच अंगठ्यावर पडली. सगळं आवार हसलं. कमिटीनं तुझी कॅसेट काढून आरत्यांची लावली, आणि तू वायरी गुंडाळत बसलास. पण मी एक बघितलं होतं, ते तुला तेव्हाच सांगितलं. तुझा सूर चालू असताना, फणा हळूहळू फिरत असताना, खाली बसलेले साचेखात्यातले, मागांवर जन्म काढलेले दोनतीन म्हातारे कामगार उठले नव्हते. बिडी विझली तरी तशीच धरून बसले होते. त्यांच्यातला एक मला म्हणाला, "अच्छा लग रिया था बाबूजी. बंद काय को कर दिया?" मीच तुला म्हटलं, "दिग्या, झांकीचं सोड. ह्याची पूर्ण कॅसेट कर. मी सॅक्स वाजवतो." नावही तिथेच ठरलं.

तालमी किती केल्या रे आपण. राजेंद्र नगरच्या तुझ्या गच्चीवरच्या खोलीत, उन्हाळ्यात, पंखा बंद करून, कारण पंख्याचा आवाज टेपवर येतो. घामानं माझी बोटं चाव्यांवरून घसरायची. तुझं पालुपद एकच, "सावकाश घे. घाई कुठे आहे? मिल सुटलीय." पण रेकॉर्डिंग तुला खोलीत नको होतं. तुला साचेखात्याची शेड हवी होती. यंत्रं भंगारात गेली होती, लांबच लांब शेड मोकळी पडली होती, आणि चौकीदार तुझ्या ओळखीचा. मी सुट्टी टाकली. भर दुपारी आपण आत गेलो. खांबाला माइक बांधलास, कानांवर मोठे हेडफोन चढवलेस, डोळे मिटलेस आणि हातानं खूण केलीस.

त्या दुपारी मी जसा वाजवला, दिग्या, तसा आधी कधी नाही आणि नंतरही नाही. एक सूर सोडला की तो शेडच्या टोकापर्यंत जायचा आणि परत येईपर्यंत मला पुढच्याचा विचार करायला वेळ मिळायचा. संपल्यावर मी तुला मिठी मारून म्हटलं होतं, "आता मेलो तरी चालेल. असं पुन्हा होणे नाही." तू हेडफोन गळ्यात अडकवून नुसता हसलास.

आठवड्याभरानं शेडला सरकारी सील लागलं. आणि दोनतीन महिन्यांनी तू मला कॅसेट ऐकवलीस. पहिले तुकडे छान होते, मी मान डोलावत होतो. शेवटचा तुकडा आला, माझा. मी वाट बघतोय. खालून एक जाडसर घुमणारा सूर येतोय, वर काहीतरी धुरकट हलतंय, आणि तुकडा संपला. मी म्हटलं, "सॅक्स?"

"तोच होता की."

"कुठे होता?"

"अर्ध्या स्पीडवर केलाय. त्यावर इको. त्याच्यावर परत इको."

"का?"

तू नखं बघत म्हणालास, "फार स्पष्ट वाटत होता रे."

फार स्पष्ट! हे उत्तर मी तीस वर्षं चघळलं. कॅसेटवर छापलंस 'सॅक्सोफोन: नंदू', आणि लोक मला विचारायचे, "यात तुम्ही कुठे?" सुनंदा तर अजून विचारते, "अहो, ते पंख्यासारखं वाजतंय ते तुम्ही ना?" ज्यांना ती कॅसेट आवडली त्यांना तोच शेवटचा तुकडा सगळ्यात जास्त आवडला, हे आणखी जखमेवर मीठ. मी कितीदा म्हटलं, मूळ टेप ऐकव. तू कधी म्हणालास टेपरेकॉर्डरचं हेड खराब आहे, कधी म्हणालास टेप मावसभावाकडे गेली. आपल्या मैत्रीत कशाची कमी नव्हती. माझ्या बायपासच्या वेळी हॉस्पिटलच्या बाकावर तू झोपलास, तुझ्या मुक्ताच्या लग्नात मांडवाचं मी बघितलं. पण चहाचा दुसरा कप आला की मी विषय काढायचो आणि तू छताकडे बघायचास. मी म्हणायचो, "तू माझा सॅक्स कधी ऐकलासच नाहीस. तुला कायम मागचंच ऐकायचं असतं." ह्यावर तू चहा संपवून उठायचास.

आणि ही नुसती हौस नव्हती माझी, हे तुलाही ठाऊक होतं. पुढचे दात गेले तसा सॅक्स गेला. कवळी लावून माउथपीस धरता येत नाही, करून बघितलं, शिट्टीसुद्धा धड निघत नाही. ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग कोण करत होतं? माझ्या उभ्या आयुष्याच्या वाजवण्याची जगात एकच खूण होती, आणि तीही तू धुरात बुडवून ठेवली होतीस. उद्या मी गेलो तर हा माणूस वाजवायचा, हे कुणाला पटवून देणार? सुनंदाला? तिला तर पंखा वाटतो.

म्हणून मी रविवारपर्यंत थांबलोच नाही. काल दुपारी मुक्ताच्या विजय नगरच्या फ्लॅटवर गेलो. म्हटलं, "निर्णय नंतर. आधी ऐकव."

तिनं टेप कॉम्प्युटरवर चढवून ठेवली होती. मला तुझ्यासारखेच मोठे हेडफोन दिले. सुरू झालं. शेड ऐकू आली आधी, ती मोकळी हवा. मग मी. दिग्या, खोटी नम्रता कशाला, मी फार सुंदर वाजवलं होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आणि तेवढ्यात मागून कुणीतरी गायला लागलं.

गायला म्हणजे काय, रेकायला. जाड, बेसूर, सपाट आवाज. 'ऊं ऊं' करत. मी हेडफोन काढून मुक्ताकडे बघितलं. ती ओठ दाबून बसली होती.

"बाबा आहेत," ती म्हणाली. "हेडफोन लावले की माणसाला आपला आवाज कळत नाही ना काका. पूर्ण वेळ गातायत. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

मला कुठे माहीत होतं? तू माइकपाशी, मी लांब, आणि वाजवताना माझ्या कानांत फक्त सॅक्स. मी आयुष्यात तुला गाताना ऐकलं नव्हतं. आणि इकडे माझ्या सगळ्यात सुंदर दुपारवर तू पहिल्यापासून शेवटपर्यंत रेकून ठेवलं होतंस. सील लागलेली शेड, पुन्हा कधी न होणारं वाजवणं, आणि मिठी मारून तुला मी काय म्हटलं होतं ते. तू घरी जाऊन टेप ऐकली असशील तेव्हा तुझं काय झालं असेल रे? सरळ सांगायचं होतंस, 'नंदू, मी माती केली.' मी दोन शिव्या दिल्या असत्या आणि विषय संपला असता. त्याऐवजी तू टेप हळू केलीस, इको चढवलेस, आणि तीस वर्षं माझ्या तोंडून 'तुला कान नाहीत' हे मुकाट ऐकून घेतलंस. तो जो खालचा घुमणारा सूर मी कीबोर्ड समजत होतो, तो तू होतास. खोटारड्या.

मुक्ता म्हणाली, "घाबरू नका काका. आता सॉफ्टवेअर आहे, आवाज वेगळे करता येतात. मी करून ठेवलेत. बाबांना काढते, तुमचा क्लीन सॅक्स राहील." तिनं एक बटण दाबलं आणि तू गेलास. राहिला फक्त सॅक्स. मला हवा होता अगदी तसा. मी तो शेवटपर्यंत ऐकला. मग म्हटलं, "आता उलटं कर. मला बंद कर आणि त्याला ऐकव."

"एकट्याला? फार वाईट आहे हो."

"ऐकव ग."

तिनं लावलं. रिकाम्या शेडमध्ये तू एकटा. मला वाटलं होतं तू तुझ्या कीबोर्डचे ते लांब सूर आळवत असशील. नाही. तू माझा सॅक्स गात होतास. एकेक फ्रेज, एकेक वळण. मी जिथे मागे राहतो तिथे तू मागे राहत होतास. मी जिथे श्वास घेतो तिथे तू श्वास घेत होतास. आणि चारदोन ठिकाणी तर माझ्याही आधी, मी पुढे कुठे जाणार ते ठाऊक असल्यासारखा, तू तिथे जाऊन पोचत होतास. सूर एकही धड लागत नव्हता, पण जागा एकही चुकत नव्हती.

मुक्ता चहा ठेवायला उठली, परत आली, कप समोर ठेवला. मग मी तिला सांगितलं. कॅसेट बाबांनी केली तशीच्या तशी जाऊ दे, त्यातल्या कशालाही हात लावू नकोस. आणि सगळं संपल्यावर, अगदी शेवटी, ही टेप लाव. दोघांचीही. काहीएक काढायचं नाही.

"काका, नक्की?" ती म्हणाली. "तुमची एवढी एकच टेप आहे. लोक विचारतील, मागे हे कोण बेसूर गातंय?"

मी म्हटलं, "सांग त्यांना, तो ऐकतोय."